येतो म्हणालो आणि गेलो नाही

2011 च्या फेब्रुवारीत, नागपूरच्या एका हॉस्टेलच्या खोलीत, रात्री अडीचच्या सुमारास मी पेनड्राइव्हवरची एक फाईल पुसली. तिच्यात 44 मिनिटांच्या एका सामन्याचं रेकॉर्डिंग होतं. ती पुसण्याआधी मी दोनदा बघितली होती. समोरच्या खाटेवर माझा खोलीतला मित्र भिंतीकडे तोंड करून झोपला होता, किंवा झोपल्यासारखा पडला होता. तो तुमसरचा, म्हणून सगळे त्याला तुमसरवाला म्हणायचे. त्या फाईलमध्ये काय होतं हे पुढची तेरा वर्षं मी कुणाला सांगितलं नाही.

मी साकोलीचा. नागपूरहून रायपूरकडे निघालं की भंडारा, मग लाखनी, मग आमचं गाव. महामार्ग गावाच्या मधून जातो, सेंदूरवाफा आणि साकोली आता एकाच नगरपरिषदेत आहेत, आणि रस्ता सोडून कुठल्याही बाजूला वळलात तरी धानाच्या बांध्या लागतात. घरी शेती, वडील शेतीच करणारे. 2008 साली मी इंजिनिअरिंगला नागपूरला गेलो आणि पहिल्या दिवाळीच्या आतच डोटाला लागलो.

तेव्हाचा डोटा म्हणजे वॉरक्राफ्ट 3 या खेळावर हौशी लोकांनी बनवलेला एक नकाशा. 2003 मध्ये यूल या टोपणनावाच्या माणसाने तो पहिल्यांदा केला, मग गिन्सूने वाढवला, आणि आमच्या काळात आइसफ्रॉग त्याच्यात सुधारणा करत होता. पाच विरुद्ध पाच. तीन वाटा, ज्यांना आम्ही लेन म्हणायचो. प्रत्येकाकडे एक हिरो. समोरच्यांचा तळ आधी फोडेल तो जिंकला. इंटरनेट लागायचं नाही, हॉस्टेलच्या खोल्यांमधून केबल ओढली की झालं. रात्री दहानंतर आमच्या मजल्यावर दहा खोल्यांत तोच एक सामना चालू असायचा आणि आरडाओरडा भिंतीतून ऐकू यायचा.

शंभराच्या आसपास हिरोंमधून मी पहिल्या महिन्यात एक निवडला आणि मग वर्षानुवर्षं सोडला नाही. अँटी-मेज. जुन्या डोटात त्याचं नाव मागिना होतं. जादू करणाऱ्यांचा काळ. डोटा 2 मध्ये त्याला जी कथा दिली आहे त्यात तो तुर्स्तारकुरीच्या मठातला एकटा वाचलेला मुलगा आहे, आणि जगातली सगळी जादू संपवायची शपथ घेऊन निघाला आहे. पण मला ओढलं ते त्याच्या खेळण्याच्या रीतीने. डोटात जादू करायला मॅना लागतो, म्हणजे जादूगाराचं इंधनच म्हणा. अँटी-मेजचा प्रत्येक घाव समोरच्याचा मॅना जाळतो. ती विद्या पूर्ण वाढवली की तेव्हा एका घावाला 64. ब्लिंक नावाच्या विद्येने तो इथून नाहीसा होऊन तिथे उगवतो आणि काही सेकंदांत पुन्हा तेच करू शकतो. त्याच्यावर टाकलेल्या जादूचा असर कमी होतो. आणि शेवटचं अस्त्र, मॅना व्हॉइड. ज्याच्यावर टाकाल त्याचा जितका मॅना संपलेला असेल, तितका जबर फटका. त्याला आणि त्याच्या आसपास उभ्या असलेल्या सगळ्यांना.

म्हणजे शत्रूने खर्च केलेली ताकद त्याच्यावरच उलटवणारा हिरो. वीस वर्षांच्या मुलाला आणखी काय हवं? एकटा जायचं, मागून उगवायचं, दोन सेकंदांत जादूगार आडवा करायचा आणि कुणाच्या हाती लागायच्या आत नाहीसं व्हायचं. चीनच्या बर्निंग या खेळाडूचा अँटी-मेज जगात नावाजलेला होता. त्याच्या सामन्यांच्या फायली पेनड्राइव्हवरून हॉस्टेलभर फिरायच्या. मी त्या तोंडपाठ केल्या होत्या. पण मी त्या कायम त्याच्याच हिरोवर नजर ठेवून बघितल्या, त्याच्या बाजूचे बाकी चार जण त्या वेळी काय करतात ते कधी पाहिलं नाही. माझी मूळ चूक हीच, आणि पुढच्या सगळ्या हिच्यातूनच आल्या.

कारण अँटी-मेज सुरुवातीला दुबळा असतो. त्याला सोनं लागतं. छोट्या शिपायांना, जंगलातल्या प्राण्यांना मारून ते मिळवायचं, त्याला सगळे फार्म करणं म्हणतात. आधी रिंग ऑफ हेल्थ, मग पर्सिव्हिअरन्स, मग दोन तलवारी, हे सगळं मिळून बॅटल फ्युरी. ती हातात आली की एका घावात आजूबाजूचे सगळे प्राणी कापले जातात आणि मग सोनं झपाट्याने येतं. पण तिथवर पंधरा-वीस मिनिटं जातात, आणि तेवढा वेळ बाकीच्या चौघांना पाच जणांशी लढावं लागतं. चौघांनी उपाशी राहून एकाला जेवू घालायचं, असा तो व्यवहार आहे. त्या चौघांतला सपोर्ट तर तेव्हा स्वतःच्या तुटपुंज्या सोन्यातून वॉर्ड विकत घ्यायचा आणि अंधाऱ्या जागी रोवायचा, म्हणजे शत्रू येताना सगळ्यांना दिसावा. त्याच्या अंगावर शेवटपर्यंत धड बूट नसायचे.

आमच्या संघात ते काम तुमसरवाला करायचा. त्याचा हिरो क्रिस्टल मेडन, बर्फाची जादूगारीण, डोटातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या हिरोंपैकी एक. मी ज्या लेनमध्ये शिपाई मारत असायचो तिथे तो बाजूला उभा राहून माझ्याकडे येणाऱ्यांना अडवायचा. शेवटचा घाव मला मिळावा म्हणून स्वतः हात आवरायचा. अडीच वर्षांत त्याने एकदाही अँटी-मेज मागितला नाही, आणि मीही त्याला एकदाही विचारलं नाही.

त्या फेब्रुवारीत नागपूरच्याच दुसऱ्या एका कॉलेजच्या महोत्सवात डोटाची स्पर्धा होती. आम्ही फायनलला पोचलो. जिंकणाऱ्या संघाला पाच हजार, म्हणजे माणशी एक हजार. आज ही रक्कम किरकोळ वाटेल, पण तुमसरवाल्याचं मेसचं बिल दोन महिन्यांचं थकलं होतं आणि फायनलच्या आदल्या रात्री त्याने हिशोब करून ठेवला होता, हे मला माहीत होतं.

समोरच्यांकडे झ्यूस, लायन, स्केलेटन किंग आणि आणखी दोघं. अँटी-मेजसाठी याहून चांगली पंगत नाही. झ्यूस सगळा जादूवर जगणारा. स्केलेटन किंग मेल्यावर पुन्हा उठतो, पण त्यासाठी त्याच्याकडे मॅना शिल्लक असावा लागतो, तो मी जाळला की उठणं बंद. हिरोची निवड बरोबर होती. हे मुद्दाम सांगतो, कारण हरल्यावर माणूस सगळंच चुकलं असं म्हणून मोकळा होतो आणि नेमकं काय चुकलं ते त्या ढिगात दडून राहतं.

अठराव्या मिनिटाला बॅटल फ्युरी आली. तिसाव्याला मँटा. इथे खरं तर मी संघाबरोबर जायला हवं होतं, माझा हिरो पुरेसा वाढला होता. पण मला बटरफ्लाय हवी होती. बटरफ्लाय आली की मी एकटाच सगळे संपवतो, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. अडतिसाव्या मिनिटाला मला तिच्यासाठी चारशेच्या आसपास सोनं कमी होतं आणि मी वरच्या जंगलात होतो.

त्याच वेळी समोरचे पाचही जण आमच्या तळाच्या मधल्या चढावर आले.

लॅबमध्ये आम्ही पाच जण एका रांगेत बसलो होतो. माझ्या शेजारी तुमसरवाला. तो म्हणाला, "ये बे, टीपी मार." टीपी म्हणजे तळावर परत आणणारी चिठ्ठी, तेव्हा 135 सोन्याची. ती माझ्या सामानात होती. मी म्हणालो, "येतो, एवढा कॅम्प."

एक कॅम्प, म्हणजे जंगलातल्या प्राण्यांचा एक घोळका, मारला. तो आठ-दहा सेकंदांचा असतो. शेजारीच दुसरा होता. नकाशावर आमच्याच माणसांच्या खुणा चमकत होत्या, एकामागून एक. मी पुन्हा म्हणालो, "येतो." घरातून निघतानाही आपण येतो म्हणतो. बोलणारा कुठे चाललाय ते त्या शब्दावरून कळत नाही. तुमसरवाल्याने मात्र तो सरळ अर्थाने घेतला. चौघं चढावर उभे राहिले. मी येणार म्हणून उभे राहिले. मी येत नाही म्हटलं असतं तर ते मागे सरकले असते, एक मनोरा गेला असता, सामना चालू राहिला असता.

दुसरा कॅम्प संपला तेव्हा तिघं मेले होते. मी बटरफ्लाय घेतली आणि टीपी मारली. ती पूर्ण व्हायला तीन सेकंद लागतात. त्या तीन सेकंदांत क्रिस्टल मेडन एकटी चढावर उभी होती. तिला मागे पळता आलं असतं. ती पळाली नाही, तिने आपलं शेवटचं अस्त्र चालवलं, सगळ्यांना थोडं थोडं जखमी केलं आणि मेली. मी उगवलो तेव्हा ते पाचही जण अर्ध्या जिवावर होते.

आणि इथे मी दुसरी चूक केली. तिच्याबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण पहिली चूक हावरेपणाची होती आणि ती सगळे करतात, दुसरी मात्र निव्वळ बेपर्वाईची होती.

मी ब्लिंक मारून सर्वांत जवळ जो होता त्याच्यावर पडलो. तो स्केलेटन किंग. दोन घाव घातले आणि त्याच्यावरच मॅना व्हॉइड टाकलं. स्केलेटन किंगचा मॅनाचा साठाच मुळात लहान असतो. लहान साठ्यातलं कितीही संपलं तरी संपलेलं थोडंच असतं. फटका बसला दीडशेच्या आसपास. तो हललाही नाही. त्याने मला गुंगवलं, लायनने मला बेडूक केलं, आणि पुढच्या दोन सेकंदांत मी संपलो. झ्यूस त्यांच्या मागे दोन पावलांवर उभा होता. त्याने नुकतीच सगळी जादू आमच्या चौघांवर ओतली होती. त्याचा साठा अकराशेच्या वर, आणि शिल्लक साठसुद्धा नव्हती. व्हॉइड त्याच्यावर पडलं असतं तर हजार मॅनामागे अकराशेचा मार, त्यातून जादूविरोधी कवचाचे वजा करून आठशेच्या वर. त्याला, लायनला, शेजारच्या आणखी एकाला. तिघांपैकी कुणाच्याही अंगात तेवढा जीव उरला नव्हता.

अडीच वर्षं मी एकच हिरो खेळलो होतो. तो हिरो ज्या एका क्षणासाठी असतो तो क्षण समोर उभा होता, चार जणांनी स्वतः मरून तो माझ्यासाठी तयार करून ठेवला होता, आणि मी झ्यूसकडे पाहिलंच नाही. अँटी-मेज खेळणाऱ्याने सामनाभर एकच हिशोब ठेवायचा असतो, कोणाकडे किती मॅना उरला. मी माझं सोनं मोजत होतो.

सामना आणखी सहा मिनिटं चालला, पण त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आम्ही उठलो. कुणी बोलत नव्हतं. मग आमच्यातला एकजण म्हणाला, "झालं कसं हे?" आणि मी, सगळ्यांसमोर, समोरच्या संघाची पोरंही तिथे उभी असताना, म्हणालो, "वॉर्डच नव्हते. ते येताना दिसलेच नाही मले."

तुमसरवाला माझ्याकडे बघत राहिला. काही म्हणाला नाही. बाकीच्या दोघांनी त्याच्याकडे बघितलं. हॉस्टेलवर परतताना बसमध्ये तो पुढच्या सीटवर एकटा बसला.

लॅबच्या कॉम्प्युटरवरून मी सामन्याची फाईल पेनड्राइव्हवर घेतली होती. वॉरक्राफ्टमध्ये शेवटच्या सामन्याचं रेकॉर्डिंग आपोआप साठतं आणि पुढचा सामना झाला की त्याच्यावरच नवं लिहिलं जातं. म्हणजे लॅबमधली प्रत दुसऱ्या दिवशी राहिली नसणार, माझ्याकडची तेवढी उरली. मी ती का घेतली होती? आपण बरोबर होतो हे बघायला. रात्री हेडफोन लावून बघितली. छत्तिसाव्या मिनिटाला क्रिस्टल मेडन तळातून बाहेर पडते, नदीच्या दोन्ही बाजूंना जाते आणि दोन वॉर्ड लावते. अडतिसाव्या मिनिटाला ते पाच जण त्यातल्या एका वॉर्डच्या समोरून जातात. नकाशावर लाल ठिपके पाच. माझ्या पडद्यावर, माझ्या डोळ्यांसमोर. मी प्राणी मारतो आहे. वॉर्ड होते, ते पाच जण मला दिसलेही होते, मी बघितलं नव्हतं. पुन्हा एकदा बघितलं, थांबवून थांबवून. झ्यूसवर क्लिक करून त्याचा मॅना बघितला तेव्हा तो अठ्ठावन्न होता.

मग पुसली.

पुढच्या सत्रात तुमसरवाल्याने खोली बदलली. अभ्यासाला बरी पडते म्हणाला. दुसऱ्या विंगमध्ये गेला. तिथेही एक डोटाचा गट होता, तो त्यांच्यात खेळत असणार असं मी धरून चाललो. मला ते सोयीचं होतं. मेसचं बिल त्याने कसं भरलं ते मी विचारलं नाही.

2012 मध्ये पदवी घेऊन दोन वर्षं नागपुरात नोकरी केली, मग वडिलांना जमेना म्हणून साकोलीला परतलो. महामार्गावर ऑनलाइन कामांचं दुकान टाकलं, फॉर्म भरणं, सातबारा काढून देणं, आधारची कामं. शेतीत मदत. तोवर डोटा 2 आला होता, जुलै 2013 पासून सगळ्यांसाठी खुला. मी दुकानातच रात्री खेळायचो, सिंगापूरच्या सर्व्हरवर. अर्थात अँटी-मेजच.

पावसाळ्यात आमच्याकडे विजेचा भरवसा नसतो. ढग दाटले की लाईन जायची. आकाशात गडगडतंय हे ऐकू येत असताना मी सामना सुरू करायचो. लाईन गेली की माझा हिरो जागेवर उभा राहायचा, आणि कुठल्या तरी देशातले चार अनोळखी लोक पुढचा अर्धा तास चौघांनी पाच जणांशी लढायचे. खेळ अशा माणसाला लो प्रायॉरिटी नावाच्या रांगेत टाकतो, ठरावीक सामने जिंकल्याशिवाय तिथून सुटका नाही. मी त्या रांगेत इतक्यांदा गेलो की मोजायचं सोडून दिलं. प्रत्येक वेळी दोष लाईनला दिला. गडगडाट मी ऐकला होता, हे कुणाला माहीत नव्हतं.

पण त्या काळातली मोठी चूक खेळातली नव्हे. 2015 चा जुलै. पावसाने मधेच दांडी मारली होती, आणि आमची रोवणी लागायची होती. आदल्या दिवशी पऱ्हे उपटून पेंढ्या बांधून बांधीत टाकले होते. बारा बाया ठरवल्या होत्या. रोवणीच्या दिवसांत आमच्या भागात बाई मिळणं किती कठीण असतं, हे धानाच्या मुलखातल्या माणसाला सांगायला नको. पाण्यासाठी इंजिन लावायचं होतं आणि डिझेल मी गावातून आणायचं होतं. सकाळी साडेनऊला वडिलांचा फोन आला. मी सामन्यात होतो, तिसाव्या मिनिटाला. म्हणालो, "येतो, पाच मिनिटं."

सामना बासष्ट मिनिटांचा झाला. डिझेल घेऊन बांधीवर पोचलो तेव्हा साडेअकरा वाजत आले होते. बाया धुऱ्यावर झाडाखाली बसल्या होत्या. चिखलणी झाली नव्हती. वडील इंजिनाजवळ उभे होते. त्यांनी डबा घेतला, इंजिनात ओतला, आणि मग म्हणाले, "पाच मिनिटं म्हंजे किती असते, ते एक डाव सांगून दे मले."

दिवसाची मजुरी पूर्ण द्यावी लागली, ती द्यायलाच हवी होती. काम अर्धं झालं. दुसऱ्या दिवशी त्या बायांनी दुसऱ्याला शब्द दिलेला होता. उरलेले पऱ्हे चार दिवस पडून पिवळे पडले, आणि त्या दोन बांध्यांत त्या वर्षी जे आलं ते नावालाच. वडिलांनी तो विषय पुन्हा काढला नाही. तेही चढावर उभे राहून माझी वाट बघणारे, एवढं मला त्या दिवशी कळलं नाही. मी सामना जिंकला होता आणि परतताना मोटारसायकलवर माझ्या डोक्यात तोच होता.

एप्रिल 2019 मध्ये मुंबईत, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ईएसएल वन ही डोटा 2 ची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. त्या दर्जाची ती भारतातली पहिलीच. भंडारा रोडहून विदर्भ एक्सप्रेस धरली आणि गेलो. डोममध्ये बसल्यावर एक गोष्ट झाली. घरी मी बघताना कॅमेरा मला हव्या त्या हिरोवर नेऊन ठेवायचो. तिथे पडदा दुसऱ्याच्या हातात होता. तो दाखवेल ते बघावं लागलं. आणि तो सारखा सपोर्टवर जात होता. दोन मिनिटं अंधारात उभा राहून कॅरीची, म्हणजे अँटी-मेजसारख्या हिरोची, वाट राखणारा सपोर्ट. मरायला स्वतः पुढे होणारा. आणि कॅरी, ज्याला सगळे पोसत होते, तो हाक आली की हातातला प्राणी अर्धा टाकून निघत होता. अर्धा टाकून! मी आयुष्यात एकही कॅम्प अर्धा टाकला नव्हता. आजूबाजूला हजारो पोरं ओरडत होती आणि मला त्या लॅबमधल्या खुर्चीची आठवण येत होती.

परत आल्यावर मी अँटी-मेज सोडला. वॉर्ड लावायला लागलो. पण तुमसरवाल्याला फोन केला नाही. नंबर होता.

फोन करायला लावला तो भाच्याने. तो आधी मोबाइलवर मोबाइल लेजेंड्स खेळायचा, जून 2020 मध्ये सरकारने 59 ॲप बंद केले त्यात ते गेलं. पुढे ऑगस्ट 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धेत मोईन एजाज यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या डोटा 2 संघाने न्यूझीलंडला हरवून कांस्यपदक मिळवलं, ती बातमी आईला दाखवून त्याने माझ्या दुकानात येऊन खेळायची परवानगी काढली. 2024 च्या उन्हाळ्यात एके दिवशी म्हणाला, "मामा, मी अँटी-मेज शिकतो. व्हॉइड कोणावर टाकायचं, ते कसं कळते?"

मी सांगायला लागलो. साठा मोठा कोणाचा, नुकतीच जादू कोणी केली, पहिला दिसेल त्याच्यावर जायचं नाही. बोलता बोलता फायनलचं निघालं, आणि का कोण जाणे, मी त्याला सगळं सांगितलं. दोन्ही वेळचं येतो, झ्यूसचे अठ्ठावन्न, वॉर्ड, फाईल. पंधरा वर्षांच्या मुलाला तेरा वर्षं जुना सामना सांगत होतो. तो ऐकत होता. शेवटी त्याने एवढंच विचारलं, "मग त्या मामाले सांगतलं का तुम्ही?"

त्या रात्री फोन लावला. तुमसरवाला आता पुण्यात असतो, दोन मुलं आहेत. इकडचं तिकडचं झालं. मग मी म्हणालो की 2011 च्या फायनलचं एक सांगायचं आहे, वॉर्ड होते.

तो म्हणाला, "माहीत आहे. मीच लावले होते ना."

मी म्हणालो की माझ्याकडे फाईल होती, मी पुसली. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ते नव्हतं माहीत." पलीकडून त्याच्या मुलाचा आवाज येत होता, कुणीतरी जेवायला हाक मारत होतं. मी विचारलं की दुसऱ्या विंगमधल्या पोरांबरोबर पुढे किती दिवस खेळलास, डोटा 2 वर कधी आलास.

त्या फायनलनंतर तो एकही सामना खेळला नव्हता.